सुदामचा बॅज आणि म्हात्रे साहेब

फिल्म धुऊन खुंटीला लावली की ती वाळेपर्यंत डार्करूमवाल्याला काही काम नसतं. घाई करून उपयोग नाही, फुंकर मारून तर मुळीच नाही! मग काय, गप्पा. अंबरनाथच्या एमआयडीसीत मी बारा वर्षं फिल्म धुतल्या, तेव्हा किती गप्पा झाल्या असतील बघा. किस्से मी मुद्दाम जमवले नाहीत. ते आपोआप साठत गेले, आणि आता चार माणसं बसली की बाहेर पडल्याशिवाय राहत नाहीत.

आधी काम काय होतं ते सांगते. शिवमंदिराजवळ आम्ही राहायचो. तिथे हळदीकुंकवाला कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" आणि मी "रेडिओग्राफी" म्हटलं, की समोरची बाई मनगट पुढे करायची. "बघा ना हो, इथे दुखतं." बाई, आम्ही माणसांचे नाही, लोखंडाचे एक्स-रे काढतो! टाक्या, पाइप, बॉयलर. वेल्डिंगच्या आत पोकळी राहिली तर ती बाहेरून दिसत नाही. म्हणून जोडाच्या एका बाजूला फिल्म लावायची आणि दुसऱ्या बाजूला सोर्स आणायचा. सोर्स म्हणजे इरिडियमचा जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा. तो ज्या जड डब्यात बंद असतो, त्याला आम्ही कॅमेरा म्हणायचो. दाण्यातून किरणं निघतात, लोखंडातून आरपार जातात, आणि माणसातून तर जातातच जातात.

माणसातून ती जाऊ नयेत हे बघणारा आमचा माणूस म्हणजे म्हात्रे साहेब, सेफ्टी ऑफिसर. राहणारे पालेगावचे. माझी त्यांच्यावर श्रद्धा होती आणि अजून आहे, तेव्हा माझ्याकडून तटस्थपणाची अपेक्षा ठेवू नका. किस्से बहुतेक त्यांचेच आहेत. त्यातला एक चामटोलीच्या सुदामचा, त्याच्या बायकोच्या पोटातलं बाळ राहणार की जाणार इथपर्यंत आलेला. तो शेवटी सांगते.

* * *

सुदाम नोकरीला आला तो किस्सा आधी ऐका.

मुलाखतीत म्हात्रे साहेबांचा प्रश्न ठरलेला असायचा. "भीती वाटते का?"

सुदामने छाती पुढे काढली. "अजिबात नाही साहेब!"

"मग घरी जा. थोडं घाबरायला शिक आणि मग ये."

बिचारा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला गेटवर हजर. "साहेब, आता भीती वाटते."

"एका दिवसात? कशी काय?"

"काल आईला सांगितलं असलं काम करणार म्हणून."

"मग किरणांची भीती वाटायला लागली?"

"नाही साहेब. आईची!"

साहेबांनी तिथल्या तिथे पेन काढून फॉर्मवर सही केली. "चालेल. घरी कुणाला तरी घाबरणारा माणूस दोरीच्या आत जात नाही."

* * *

दोरीचं महत्त्व असं की सोर्स बाहेर काढायच्या आधी चारी बाजूंना लांबवर दोरी बांधायची, लाल पाट्या लावायच्या. कारखान्यातली माणसं जेवायला गेली की मधल्या सुट्टीत आम्ही काम उरकायचो.

एकदा एका केमिकल कंपनीच्या आवारात काम चालू होतं. तिथला एक मॅनेजर टाय सावरत आला आणि सरळ दोरी उचलायला लागला. त्याचं केबिन पलीकडे होतं. सुदाम ओरडला, "साहेब, थांबा!"

"मी इथला मॅनेजर आहे."

म्हात्रे साहेब अगदी नम्रपणे पुढे झाले. त्यांच्या पिशवीत कायम कोरे फॉर्म असत. "या ना साहेब. तुमचीच जागा आहे. फक्त एवढा फॉर्म भरा. इथे नाव, इथे जन्मतारीख, आणि या रकान्यात वारसाचं नाव."

मॅनेजरने वारसाच्या रकान्याकडे बघितलं. दोरी खाली ठेवली. सगळ्या कंपाउंडला वळसा घालून केबिनला गेला, आणि आम्ही तिथे होतो तो पूर्ण आठवडा वळसा घालूनच जात राहिला!

* * *

दसऱ्याला कारखान्यात सगळ्या मशीनची पूजा व्हायची. कॅमेऱ्याचीही. आमचे मालक परसूशेठ, उल्हासनगरचे सिंधी, पूजेच्या बाबतीत एकदम पक्के. त्यांनी भटजी बोलावले. भटजींनी कुंकवात बोट बुडवलं आणि कॅमेऱ्याकडे वळले.

"भटजी, जरा थांबा," म्हात्रे साहेब म्हणाले.

वास्तविक कुलूपबंद कॅमेऱ्याला एक टिळा लावल्याने कुणाला काही झालं नसतं. पण बिनकामाचं जवळ जायचं नाही म्हणजे नाही, हा साहेबांचा नियम. त्यांनी आमचा मीटरभर लांबीचा चिमटा आणला, त्याच्या टोकाला कापूस लावला, कापसाला कुंकू लावलं आणि चिमटा भटजींच्या हातात दिला.

भटजींनी लांबून टिळा लावला. टिळा नेमका कुलपावर बसला. हार सुदामने लांबूनच फेकला, तिसऱ्या खेपेला बरोबर पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

प्रसाद घेताना भटजींनी मला हळूच विचारलं, "देवाला एवढं घाबरणारी माणसं मी पहिल्यांदाच बघितली. कुठला संप्रदाय तुमचा?"

* * *

आता झिपचा किस्सा. हा माझा फार आवडता.

परसूशेठच्या भावाचा उल्हासनगरला जीन्सचा कारखाना. एकदा शेठ तिकडून येताना झिपची पिशवी घेऊन ऑफिसात आले आणि अचानक विचारते झाले, "म्हात्रे, एक बात बताओ. ही किरणं माणसाच्या आत जाऊन करतात काय? जळतं तर काही दिसत नाही."

साहेबांनी पिशवीतली एक झिप उचलली. "शेठ, आपल्या प्रत्येक पेशीत डीएनए असतो. शरीर कसं बनवायचं, कसं चालवायचं, सगळं त्यात लिहिलेलं. तो समजा असा. दोन पट्ट्या, एकीचा दात दुसरीच्या दाताला बरोबर बसलेला." मग त्यांनी पक्कडीने एका बाजूचा दात उपटला. "किरण आला, हा एक दात गेला. आता नवा कसा बसवाल?"

"समोरचा बघून," शेठ म्हणाले. धंद्यातलाच माणूस!

"बरोबर. पेशीही तेच करते. समोरची बाजू बघते आणि गेलेला भाग भरून काढते. आतमध्ये त्याचे कारागीरच असतात. किरणं नसली तरी रोज काही ना काही तुटतच असतं, ते शिवत बसतात."

"दिवसपाळी?"

"दिवसपाळी, रातपाळी, रविवार, दिवाळी."

"पगार?"

"काही नाही."

"छुट्टी मागत नाहीत?"

"नाही."

शेठ खुर्चीत पुढे सरकले. "साईं, असा एक माणूस मला आणून द्या!"

"तुमच्या अंगात आहेत शेठ, करोडोंनी!" साहेब हसले. पण लगेच त्यांनी कात्री घेतली आणि दोन झिपा मधोमध आरपार कापल्या. चार तुकडे टेबलावर टाकले. "मात्र दोन्ही पट्ट्या एकाच जागी तुटल्या, तर समोर बघायला काही उरत नाही. कारागीर तेही जोडतो, बऱ्याचदा नीट जोडतो. पण एकदम फार ठिकाणी तुटलं, की घाईत हे टोक त्याला जोडून बसतो." त्यांनी एका झिपेचा तुकडा दुसऱ्या झिपेच्या तुकड्याला लावून दाखवला. "म्हणून आपण लांब उभं राहायचं, कमी वेळ थांबायचं आणि आडोसा घ्यायचा. कारागीर चांगला आहे, म्हणून त्याच्यावर वाटेल तेवढं काम टाकायचं नाही."

त्याच महिन्यात शेठनी, साहेब दोन वर्षं मागत असलेल्या शिशाच्या जाड पाट्या घेऊन टाकल्या.

* * *

आणि मग सुदामच्या बॅजचा रिपोर्ट आला.

बॅज म्हणजे छातीवर लावायची छोटी चपटी डबी. अंगावर किती किरणं पडली याची नोंद तिच्यात होते. दर तीन महिन्यांनी सगळ्यांचे बॅज मुंबईला तपासायला जायचे आणि रिपोर्ट परत यायचा. आमच्या रिपोर्टात कायम बारके आकडे. त्या वेळी सुदामच्या नावापुढे असा आकडा होता, की म्हात्रे साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

सुदामला त्याच क्षणी कामावरून बाजूला केलं. "काय झालं होतं? सोर्स अडकला? चुकून जवळ गेलास?"

"नाही साहेब. आईशपथ नाही."

तीन दिवस साहेब त्याच्यासमोर बसून तीन महिन्यांतला एक एक दिवस लिहून काढत होते. काही सापडेना. त्यांनी सुदामचं रक्त काढवलं आणि ती नळी स्वतः मुंबईच्या प्रयोगशाळेत नेऊन दिली. "बॅज काय म्हणतो ते कळलं. आता पेशींना विचारू," म्हणाले.

सुदामची बायको मंदा. लग्नाला सहा वर्षं झालेली, आणि तिला नुकताच तिसरा महिना लागलेला. म्हणजे बाळाची सुरुवात नेमकी त्या तीन महिन्यांतली. सुदामच्या आईच्या कानावर हे जायला दोन दिवससुद्धा लागले नाहीत. म्हातारीने जाहीर करून टाकलं, की हे पोर ठेवायचं नाही. बदलापूरच्या दवाखान्यात जाऊन मोकळं व्हायचं. रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत थांबायला ती कशीबशी तयार झाली.

मी मंदाला भेटायला चामटोलीला गेले. ती मला सोडायला बांधापर्यंत आली आणि एवढंच म्हणाली, "ताई, मला पाहिजे हो." घरी येऊन मी रडले, खोटं कशाला सांगू.

* * *

चौथ्या दिवशी म्हात्रे साहेबांनी सुदामला सहज विचारावं तसं विचारलं, "काम संपल्यावर बॅज कुठे ठेवतोस?"

सुदाम ताठ झाला. चला, एक तरी उत्तर त्याला येत होतं! "एकदम सेफ साहेब. तुम्हीच सांगितलं होतं ना, बॅज जिवापाड जपा, हरवला तर खैर नाही. माझ्या ड्रॉवरचं कुलूप तीन-चार महिन्यांपूर्वी मोडलं. आपल्याकडे दोन कुलपं असलेली एकच खोली आहे."

दोन कुलपं असलेली एकच खोली म्हणजे सोर्सची खोली.

"खोलीत कुठे?"

"कॅमेऱ्याच्या हँडलला अडकवायचो साहेब. खाली धूळ असते."

कॅमेरा कितीही जाड असला तरी अगदी टेकून राहिलं तर थोडंथोडं बाहेर येतंच. सुदाम घरी जाऊन जेवून झोपायचा आणि त्याचा बॅज बिचारा कॅमेऱ्याला मिठी मारून बसायचा, रोज, तीन महिने!

परसूशेठ हसत सुटले. आम्हीही. हसताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हात्रे साहेब तेवढे हसले नाहीत. त्यांनी कागद घेतला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'बॅज जपा असे सांगितले, कुठे ठेवावा ते सांगितले नाही. चूक सेफ्टी ऑफिसरची.' खाली स्वतःची सही.

शेठ म्हणाले, "अरे, तुमची कसली चूक? हा येडा..."

"शेठ, त्याने माझं ऐकलं. न ऐकणाऱ्याची चूक त्याची असते. ऐकणाऱ्याची चूक माझी."

* * *

कारण सापडलं म्हणून रक्ताची तपासणी साहेबांनी थांबवली नाही. "हा आपला तर्क आहे. आपल्या सोयीचा आहे, म्हणून जास्त संशय घ्यायचा." ते पुन्हा प्रयोगशाळेत गेले तेव्हा मीही बरोबर गेले.

तिथल्या मॅडमनी मला मायक्रोस्कोपमधून दाखवलं. सुदामच्या पेशींमधली गुणसूत्रं, जांभळी, बारकी, आणि प्रत्येकाला एक कंबर. "किरणांनी दोन गुणसूत्रं तुटली आणि त्यांची टोकं चुकून एकमेकांना जोडली गेली, तर दोन कंबरा असलेलं एक तयार होतं," मॅडम म्हणाल्या. "आम्ही तेच मोजतो."

"किती सापडली?" मी विचारलं.

त्या शेकड्यांनी पेशी बघत होत्या, एकेक करून, दिवसभर मान खाली घालून. मान वर करताना झालेला त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. "तुमच्या सुदामला मी तीन आठवडे ओळखते," त्या म्हणाल्या. "त्याला कधी बघितलं नाही. पण फार व्यवस्थित माणूस आहे हो!"

रिपोर्ट स्वच्छ होता. किरणं बॅजवर पडली होती, सुदामवर नाही.

* * *

आम्ही पेढे घेऊन चामटोलीला गेलो. म्हात्रे साहेब, सुदाम आणि मी. साहेबांनी रिपोर्ट म्हातारीसमोर ठेवला, सगळं समजावून सांगितलं. आमच्याशी ऑफिसातलं मराठी बोलणारा हा माणूस तिच्याशी तिच्याच बोलीत बोलत होता. बॅज कुठे होता, पोरगा कुठे होता, रक्तात काय दिसलं.

म्हातारीने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "साहेब, तुमी खोटं बोलनार नाय. पन कागुद मना वाचता येत नाय. माझ्या बहिनीनं अधू पोर पंचवीस वर्सं सांबाललं. खाटेवरून उठवायचं, खाटेवर निजवायचं. बहिन गेली त्याच्या आदी. मी बगितलंय त्ये. या किरनातनं गेल्याला मानूस आन त्याचं एक धड पोर, ह्ये मना दाकवा. मंग मी तोंड उघडनार नाय. नायतर बुदवारी दवाखाना."

सुदाम आईशी पहिल्यांदा मोठ्याने बोलला. म्हातारी हलली नाही. मंदा दाराआड उभी होती, तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता. म्हात्रे साहेब उठले, चपला घातल्या आणि निघाले. मला वाटलं, हरले. मी त्यांना हरलेलं कधी बघितलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी ते माझ्या दारात उभे. बरोबर त्यांची मुलगी वंदना, बारावी सायन्सची, पंजाबी ड्रेस, दोन वेण्या. "सावंतबाई, चामटोलीला येता का? बाईमाणूस बरोबर असलं तर बरं." वंदनाला कुठे आणि कशाला, काही माहीत नव्हतं. तिला वाटलं, कुणाला तरी बघायला चाललोय.

म्हातारी ओटीवर तांदूळ पाखडत होती. साहेब तिच्यासमोर खाली बसले.

"मावशी, ही माझी पोर. आन किरनातनं गेल्याला मानूस म्हंजे मी."

सूप थांबलं.

"पयली नोकरी व्हती. सोर्स पाइपात अडकला. बाकीची मानसं पलाली. मी सलई घेऊन गेलो आन ढकलला. सुदामच्या बॅजवर आला त्याच्यापेक्षा मोठा आकडा माझ्या बॅजवर व्हता. आन माझा खरा व्हता. लगीन त्याच्यानंतर झालं, आन ही त्याच्यानंतर."

इतक्या वर्षांत हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मला नाही, शेठना नाही. वंदनाकडे बघितलं आणि मला कळलं, घरीही नाही. ती वडिलांकडे बघत होती आणि ते सुपातल्या तांदळाकडे. एका रीडिंगवरून काही सिद्ध होत नाही, हे आम्हाला शिकवणारे तेच. एका मुलीवरून काय सिद्ध होतं आणि काय नाही, हे त्या ओटीवर सगळ्यांत जास्त त्यांनाच ठाऊक होतं.

म्हातारीने सूप बाजूला ठेवलं. "ये गो पोरी. त्या दारापोत्तर चालून दाकव."

वंदना गोंधळली. मग चालली, वळली, परत आली.

"चपला काड. बोटं बगू." म्हातारीने वाकून पायाची बोटं मोजली, मग हाताची, प्रत्येक बोट चिमटीत धरून. केस बाजूला करून कान बघितले. हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं. दात दाखवायला लावले. मग कोनाड्यातून सुई-दोरा आणला. "ओव."

वंदनाने पहिल्याच झटक्यात दोरा ओवला. हात कापत नव्हता. डोळे मात्र भरले होते.

"शाला शिकतेस?"

"हो आजी. बारावी."

"पास होतेस?"

"हो."

म्हातारीने सुई परत घेतली, पदराला खोचली. कितीतरी वेळ ती वंदनाच्या तोंडाकडे बघत राहिली. मग आतल्या दाराकडे तोंड करून तिने हाक मारली.

"मंदे, पानं वाड. पावनी जेवून जातील. आन तू पन बस. दोन जिवांचं जेव."